झेनोफोनबरोबर मजल दरमजल

प्राचीन ग्रीकच्या व्याकरणाचं पुस्तक शेवटच्या धड्यापर्यंत केलं तरी ग्रीक वाचता येत नाही, ही अवस्था ही भाषा शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येते. धातूंची रूपं पाठ असतात, एओरिस्ट (घडून गेलेल्या क्रियेचं भूतकाळी रूप) दिसला की ओळखू येतो, ऑप्टेटिव्ह (इच्छा-शक्यता दाखवणारं रूप) कुठे वापरतात त्याचे नियम सांगता येतात. आणि प्लेटोचं एक पान समोर घेतलं की चौथ्या ओळीत धागा सुटतो. मी संस्कृत घेऊन पदवी केलेली, त्यामुळे ग्रीकमधलं पुष्कळसं पहिल्याच भेटीत ओळखीचं वाटलं. द्विवचन आहे, भूतकाळी रूपाच्या आधी लागणारा आगम आहे, धातूचं द्वित्व आहे, आत्मनेपदाशी नातं सांगणारी रूपं आहेत. 'ददामि'च्या शेजारी 'दिदोमि' ठेवलं की दोन्ही भाषा एकाच घरातल्या आहेत हे सांगावं लागत नाही. सुरुवातीला या ओळखीचा फार आधार झाला. पण सलग वाचन तेवढ्यावर चालत नाही.

ते चालू लागलं दोन गोष्टींनी. एक, मोठमोठे उतारे न थांबता वाचणं. आणि दुसरी, वाचलेलं मराठीत लिहून काढणं. मराठीत, हे मी मुद्दाम सांगते आहे. ग्रीक शिकण्याची बहुतेक साधनं इंग्रजीत आहेत. लिडेल आणि स्कॉट यांचा १८४३ साली पहिल्यांदा निघालेला शब्दकोश असो की अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठाचा 'पर्सियस' हा संगणकीय संग्रह, आपण अर्थ इंग्रजीतून घेतो आणि वाक्यही नकळत इंग्रजीतून समजून घेऊ लागतो. मग ग्रीक वाक्य मोडून त्याचे इंग्रजीला पचतील असे तुकडे करावे लागतात. मराठीला ते करावं लागत नाही, हे मला कामाला लागल्यावर समजलं.

सुरुवात प्राचीन ग्रीक लेखक झेनोफोनच्या 'अनाबासिस'ने केली. गोष्ट थोडक्यात अशी. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र धाकटा सायरस आपला थोरला भाऊ आर्टाझर्क्सिस याचं राज्य घ्यायला सार्डिसहून निघतो. पदरी दहा हजारांवर भाडोत्री ग्रीक सैनिक. बाबिलोनजवळ कुनाक्साच्या लढाईत सायरस मारला जातो. पुढे बोलणी करायला गेलेल्या ग्रीक सेनापतींना आर्टाझर्क्सिसचा सरदार टिसाफर्निस दग्याने पकडतो, आणि परमुलखात अडकलेलं हे सैन्य आर्मेनियाच्या बर्फातून काळ्या समुद्राकडे वाट काढतं. झेनोफोन त्यांच्यातच होता. तिसऱ्या भागात तो स्वतःची ओळख 'सैन्यात झेनोफोन नावाचा एक अथेन्सकर होता' अशी परक्यासारखी करून देतो.

पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिलं पुस्तक म्हणून हेच का देतात, ते पहिल्या भागातच कळतं. वाक्यं छोटी, शब्द पुन्हा पुन्हा तेच. पहिलंच वाक्य: दारियस आणि पारिसातिस यांना दोन मुलगे होतात, थोरला आर्टाझर्क्सिस, धाकटा सायरस. भूतकाळाची गोष्ट आणि क्रियापद वर्तमानाचं. इंग्रजी भाषांतरं इथे बहुतेक वेळा भूतकाळ करतात. आपल्याकडे कीर्तनकार आणि शाहीर हेच करत आले आहेत, त्यामुळे मराठीत काही बदलावं लागत नाही. नंतर कूच सुरू होतं. 'लिडियातून तीन मजला, बावीस परासांग चालून तो मिअँडर नदीवर येतो. नदीचा पाट दोन प्लेथ्रा; वर सात होड्या जोडून केलेला पूल. ती ओलांडून फ्रिजियातून एक मजल, आठ परासांग, कोलोसाइला येतो; नांदतं, सुखवस्तू, मोठं शहर.' असं पानोपान. (परासांग आणि प्लेथ्रा ही अंतराची जुनी मापं.) 'मजल' हा शब्द मला शोधावा लागला नाही. कूच, मुक्काम, रसद, बिनी, चंदावल अशी सगळी शब्दसंपदा बखरींनी आपल्यासाठी तयार ठेवली आहे, आणि तिच्यात झेनोफोन अगदी मोकळेपणी बोलतो.

याच भागात मी अन्वय लावणं सोडलं. संस्कृत शिकलेल्यांची ही सवय फार पक्की असते: आधी क्रियापद शोधायचं, मग कर्ता, मग कर्म, मग विशेषणं आपापल्या जागी नेऊन बसवायची. काव्यासाठी ती ठीकच आहे. गद्यात मात्र लेखकाने शब्द ज्या क्रमाने ठेवले तो क्रमच अर्धा अर्थ असतो. म्हणून मी नियम केला की शब्द येईल तसा घ्यायचा, विभक्तीवरून त्याचं पुढे काय काय होऊ शकतं ते मनात धरायचं आणि पुढच्या शब्दाची वाट पाहायची. मराठी माणसाला ही वाट पाहणं जड जात नाही. आपलं क्रियापदही शेवटी येतं. 'काल संध्याकाळी तुझ्या धाकट्या भावाला स्टेशनवर मी' इथपर्यंत ऐकून आपण निवांत थांबलेले असतो.

क्रमाने वाचण्याचा खरा लाभ चौथ्या भागात मिळाला. आघाडीचे लोक डोंगरमाथ्यावर पोहोचतात आणि मोठा गलका होतो. पिछाडीला असलेल्या झेनोफोनला वाटतं, पुढे शत्रूने हल्ला केला. गलका वाढत जातो, जवळ येतो, मागून जाणारे पुढच्यांकडे धावू लागतात. तो घोड्यावर चढतो, घोडदळ घेऊन मदतीला निघतो. आणि मग ऐकू येतं: ओरडणाऱ्या सैनिकांचं 'थालात्ता! थालात्ता!' समुद्र, समुद्र. लगेच सगळे धावत सुटतात, पिछाडीसुद्धा, ओझ्याची जनावरं आणि घोडेही. पुढे वर पोहोचल्यावर ते एकमेकांना मिठ्या मारतात, सेनापती आणि सरदारांनाही, रडत. ग्रीकमध्ये 'ऐकतात' हे क्रियापद आधी येतं, मग 'ओरडणाऱ्या', मग 'सैनिकांचं', आणि मग तो शब्द. अन्वय लावून, शब्दकोश उघडून, तुकडे जुळवून हे वाचलं असतं तर अर्थ कळला असता, पण पिछाडीला उभं राहून ऐकल्यासारखं झालं नसतं. मी ते पान पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलं.

काळाच्या रूपांचं मर्मही याच पुस्तकात, पहिल्या भागातल्या एका प्रसंगावरून उलगडलं. टार्ससला सैन्य अडून बसतं. आपल्याला थेट राजावर नेत आहेत अशी शंका त्यांना आलेली असते. त्यांचा सेनापती क्लिअर्कस, कडक शिस्तीचा माणूस, सभा बोलावतो. आणि उभ्या उभ्या बराच वेळ रडतो. सैनिक बघतात, चकित होतात, गप्प राहतात. मग तो बोलतो. रडणं, चकित होणं, गप्प राहणं ही तिन्ही क्रियापदं इम्परफेक्टमध्ये आहेत, चालू राहिलेली क्रिया. 'बोलला' हे एकटं एओरिस्टमध्ये. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद व्याख्येने सांगतात. मी मराठीत लिहिलं, 'तो बराच वेळ उभा राहून रडत राहिला. ते बघत होते, नवल करत होते, गप्प होते. मग तो असं बोलला', आणि भेद वाक्यातच दिसला. ती लांबलेली शांतता झेनोफोनने क्रियापदाच्या रूपांनी उभी केली आहे. क्लिअर्कस पुढे जे भाषण करतो ते किती धूर्त आहे हे समजायलासुद्धा ती आधी ऐकू यावी लागते.

माझे मसुदे ऐकायला मला एक उत्तम श्रोता मिळाला: शाळेत मला संस्कृत शिकवणाऱ्या बाई. आता निवृत्त आहेत, ग्रीक त्यांना एक अक्षर येत नाही. आठवड्याला एकदा मी त्यांच्याकडे जाते आणि वही वाचून दाखवते. पहिल्याच वाचनात त्यांनी मला थांबवलं. "अगं, हा 'जेव्हा' कुठून आला? तू घरी बोलताना 'जेव्हा मी आले तेव्हा तो जेवत होता' म्हणतेस का?" म्हणत नाही. 'मी आले तर तो जेवत होता' म्हणते. मुळात तिथे 'जेव्हा' नव्हताच. एक धातुसाधित होतं, म्हणजे 'येऊन', 'येताना' अशासारखं रूप, आणि 'जेव्हा' मी इंग्रजी टिपणातून घेतला होता.

या एका प्रश्नातून मोठं दार उघडलं. ग्रीक गद्य धातुसाधितांवर चालतं. एका मुख्य क्रियापदाभोवती तीन-चार धातुसाधितं, आणि वाक्य धावत राहतं. इंग्रजीत त्यांना 'जेव्हा', 'कारण', 'जो' असे जोडशब्द द्यावे लागतात. मराठीकडे मात्र -ऊन आहे, -त आहे, -ताना आहे, -ल्यावर आहे, -णारा आणि -लेला आहेत. पूर्ण झालेलं आधीचं काम -ऊनने, बरोबर चाललेलं -त किंवा -तानाने, एवढं धरून बसलं की झेनोफोनची अर्धी वाक्यं जागच्या जागी बसतात. फक्त -ऊनची एक अट आहे, दोन्ही कामं करणारा एकच हवा. ती अट जिथे मोडते तिथे ग्रीकही बहुधा वेगळी रचना वापरत असतो: धातुसाधित आणि त्याचा कर्ता दोघेही षष्ठीत. संस्कृतात अशी जोडी सप्तमीत येते, तिला सति सप्तमी म्हणतात; ही तिची ग्रीक बहीण. म्हणजे मराठीत -ऊन अडलं की मी मुळात षष्ठी शोधू लागले, आणि पुष्कळदा ती तिथे असायची.

झेनोफोननंतर लिसियास घेतला, आणि ही निवड मी कुणालाही डोळे मिटून सुचवेन. लिसियासचं घराणं मूळचं सिराक्यूजचं. अथेन्समध्ये तो राहिला तो परदेशी रहिवासी म्हणून, नागरिकत्वाशिवाय. इतरांना न्यायसभेत बोलण्यासाठी भाषणं लिहून देणं हे त्याचं काम. पक्षकाराला स्वतः उभं राहून बोलावं लागे, म्हणून लिसियास त्या त्या माणसाच्या तोंडी शोभेल असं लिहितो. त्याच्या पहिल्या भाषणात युफिलेटोस नावाचा साधा गृहस्थ बोलतो. बायकोबरोबर सापडलेल्या माणसाला त्याने ठार मारलं आहे, आणि ते कायद्याला धरून होतं हे त्याला पटवायचं आहे. तो गोष्ट घरापासून सुरू करतो: घर दुमजली, वर बायकांची जागा, खाली पुरुषांची, मूल झालं तेव्हा त्याला न्हाऊ घालायला बायकोला जिना उतरावा लागू नये म्हणून आपण वर राहायला गेलो.

एका रात्री दारं वाजतात. सकाळी तो बायकोला विचारतो. इथलं वाक्य मी किती वेळा लिहिलं आणि खोडलं ते सांगता येणार नाही. मुळात आधी षष्ठीतलं 'मी विचारल्यावर', मग 'रात्री दारं का वाजत होती' हा ऑप्टेटिव्हमधला प्रश्न, मग 'ती सांगू लागली', आणि मग तिचं सगळं म्हणणं तुमन्त, म्हणजे पुरुष-वचन न दाखवणाऱ्या, क्रियारूपांत: बाळाजवळचा दिवा विझला, मग शेजाऱ्यांकडून पेटवून आणला. ग्रीकमध्ये ही रूपंच सांगतात की हे तिचं म्हणणं आहे, बोलणाऱ्याने त्याची हमी घेतलेली नाही. मी आधी 'तिने सांगितलं की' असं लिहिलं. बाई म्हणाल्या, "हा नवरा आता हे सांगतोय, तेव्हा त्याला सगळं कळलेलं आहे ना? मग तो असा 'की' लावून सांगेल?" शेवटी वाक्य असं झालं: 'रात्री दारं का वाजत होती विचारलं, तर बाळाजवळचा दिवा विझला म्हणे, मग शेजाऱ्यांकडून पेटवून आणला म्हणे.' तुमन्त रूपांचं अख्खं प्रकरण मला या 'म्हणे'ने समजावलं.

त्यानंतर लगेच तो म्हणतो: मी गप्प राहिलो, असंच असेल असं मला वाटलं. पण मंडळी, तिने चेहऱ्याला सफेता लावलाय असं मला दिसलं, भाऊ जाऊन तिचा तीस दिवससुद्धा झाले नव्हते. तरीही काही न बोलता मी निघालो आणि मुकाट्याने बाहेर पडलो. भावाच्या मृत्यूचा उल्लेख ग्रीकमध्ये पुन्हा षष्ठीत येतो, मुख्य वाक्याला बाजूने चिकटलेला, जणू बोलता बोलता आठवला. तो 'जरी–तरी'मध्ये बसवला की युफिलेटोस वकील होतो. मोकळा ठेवला की तो भोळा गृहस्थ राहतो, आणि त्याने भोळं दिसणं हाच लिसियासचा सगळा डाव आहे. सुतकातल्या बाईच्या चेहऱ्यावर रंग, हे पंचांच्या मनात कसं रुतलं असेल ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

याच भाषणावर मी उलट भाषांतर करून पाहिलं. एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲशम यांनी, १५७० साली त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या पुस्तकात, लॅटिनसाठी ही रीत सांगितली आहे: आपल्या भाषेत आणायचं, मूळ बाजूला ठेवायचं, काही काळाने परत मूळ भाषेत न्यायचं आणि मग मुळाशी ताडून पाहायचं. मी एकेक परिच्छेद घेऊन माझ्या मराठीवरून ग्रीक लिहीत गेले. मूळ शेजारी ठेवलं की लिसियासचं कसब अशा ठिकाणी दिसतं जिथे नुसतं वाचताना नजर घसरून जाते. 'गार', 'ओउन', 'दे' ही अव्ययं तो वाक्यागणिक पेरतो, आणि प्रत्येक अव्यय आधीच्या वाक्याशी नातं सांगत असतं: कारण, म्हणून, आणि इकडे. ग्रीकमध्ये दोन वाक्यं सहसा नुसती शेजारी ठेवत नाहीत. जे. डी. डेनिस्टन यांनी १९३४ मध्ये या अव्ययांवर स्वतंत्र जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याची गरज काय ते मला तेव्हा कळलं. दुसरी गोष्ट उपपदाची, म्हणजे इंग्रजी 'द'सारख्या शब्दाची. ना संस्कृतात ते आहे ना मराठीत. लिसियास 'दिवा, तो बाळाजवळचा' अशी रचना करतो आणि उपपदाच्या जोरावर अख्खा वाक्यांश विशेषण होतो. आपला 'चा' नेमकं हेच काम करतो हे एकदा दिसलं की मोठी वाक्यं वाचताना कुठे श्वास घ्यायचा ते कळतं.

उलट भाषांतराला वेळ फार लागतो. एका पानाला एक रविवार जातो. पण ग्रीक खऱ्या अर्थाने हातात आलं ते या कामाने, असं मी आज ठामपणे म्हणते.

प्लेटोचं 'सॉक्रेटिसचं न्यायसभेतलं भाषण' मग अवघड राहिलं नाही. इ.स.पू. ३९९ च्या त्या खटल्यात सॉक्रेटिस सुरुवातीलाच सांगतो की बाजारात सराफांच्या मेजांपाशी मी जसा बोलतो तसाच इथे बोलणार. लिसियासची सवय झालेल्या कानाला त्या साधेपणामागची ताकद लगेच जाणवते. इतिहासकार हिरोडोटसला मात्र वेगळी तयारी लागते, कारण त्याची बोली आयोनियन. स्वर वेगळे, रूपं सैल. दोन-तीन आठवड्यांत ती अंगवळणी पडते. तिसऱ्या भागात तो भारतीयांबद्दल लिहितो की तिथली रानझाडं फळ म्हणून लोकर देतात, मेंढीच्या लोकरीपेक्षा देखणी आणि सरस, आणि तिथले लोक तिचीच वस्त्रं नेसतात. त्याचे भारतीय सिंधूकडचे. पण माझं माहेर अकोल्याकडचं, आणि कापूस कधी न पाहिलेल्या श्रोत्यांना कापूस समजावणारं ते वाक्य मराठीत उतरवताना मला फार आनंद झाला.

मराठी माणूस ग्रीक शिकतो आहे म्हटलं की लोक 'पेरिप्लस'बद्दल विचारतात. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं हे तांबड्या समुद्राचं आणि आपल्या किनाऱ्याचं वर्णन. त्यात पैठण आहे, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर. तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडंभरडं कापड, तलम वस्त्रं, गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला येतात. सोपारा आहे, चौल आहे. आणि कल्याण, जिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. हे ग्रीकमधून वाचताना मन भरून येतं. तरीही भाषा शिकायला हे पुस्तक आधी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं गद्य मालाच्या यादीसारखं तुटक, अव्ययं थोडी, आणि हस्तलिखितात पाठ ठिकठिकाणी बिघडलेला. बिघडलेला पाठ ओळखायचा तर सरळ पाठ कसा असतो ते आधी मुरलेलं असावं लागतं. मी ते लिसियासनंतर घेतलं, म्हणून अडखळले तिथे दोष कुणाचा ते बहुधा सांगता आलं.

इंग्रजी भाषांतरं मी टाळत नाही. लोएब मालेतल्या हिरव्या पुस्तकांत डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्यावर इंग्रजी असतं. उजवं पान माझा मराठी मसुदा होईपर्यंत कागदाने झाकलेलं असतं. मग ते उघडते आणि मतभेद झाला तर व्याकरण उघडते.

सध्या बाईंकडे लिसियासचं बारावं भाषण चाललं आहे. यात तो स्वतःच बोलतो. इ.स.पू. ४०४ मध्ये सत्तेवर आलेल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी त्याच्या भावाला, पोलेमार्कसला, विष घ्यायला लावून मारलं आणि घर लुटलं. घरात शिरल्या शिरल्या त्या तिसांपैकी एक मेलोबियस पोलेमार्कसच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कुंडलं काढून घेतो, तिथपर्यंत आम्ही आलो आहोत, आणि त्या वाक्यात 'कानांतून' कुठे ठेवायचं यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. हे भाषण संपलं की इतिहासकार थुसिडिडीजच्या दुसऱ्या भागातलं अथेन्सच्या साथीचं वर्णन घ्यायचं ठरलं आहे. त्याची वाक्यं फार गुंतागुंतीची, म्हणून त्याला मी इतके दिवस मागे ठेवला होता. आता पहिल्या परिच्छेदाच्या शब्दांची वही करायला घेतली आहे.